काचेच्या दाराची भट्टी

रविवारी भाजलेल्या कोंबड्यांचं दुकान बंद, तरी त्या दिवशी मागच्या स्वयंपाकघरात तीन भट्ट्या तापायच्या होत्या. तिघींची तोंडं तीन दिशांना होती. घरातल्या माणसांचंही तेच होतं, फक्त ती अजून उघड बोलत नव्हती.

मधोमध म्हातारी बसली होती. आजोबांनी बॉयलरच्या जुन्या पत्र्यातून स्वतः ठोकून काढलेली ही भट्टी. तिच्यातल्या, कोंबड्या ओवायच्या शिगा फिरवायला त्यांनी एका बंद पडलेल्या गिरणीची मोटर बसवली होती, आणि ती अजून कुरकुरत का होईना फिरत होती. म्हातारीची एकच खोड होती. दार पुरतं लावलं की आतल्या ज्योती गुदमरायच्या आणि कोंबड्यांना काजळी धरायची. आजीने पहिल्याच आठवड्यात त्यावर उपाय काढला: दाराच्या वरच्या कोपऱ्यात लाकडी चमचा अडकवून बोटभर फट ठेवायची. पुढे आजोबा गेले, आजी गेली, चमचे जळून बदलत राहिले. भिंतीवरच्या खिळ्यांना ते अजून ओळीने टांगलेले असत, आणि भट्टीवर काम करणारा प्रत्येक जण दाराबरोबर चमचाही लावत असे.

म्हातारीच्या डावीकडे थोरल्याने, म्हणजे घरातल्या मोठ्या मुलाने, परदेशातून मागवलेला नमुना होता, सरकत्या काचेचा, आत पिवळा दिवा लावलेला. उजवीकडे मॅडमची भट्टी. तिचं दारही काचेचंच, पण कपाटासारखं बिजागरीवर उघडणारं.

मॅडम म्हणजे धाकटी सून. मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांसाठी खरेदी करणारी ही बाई नोकरी सोडून गेल्या वर्षी या घरच्या धंद्यात आली, तेव्हा थोरल्याने तिला गमतीने मॅडम म्हटलं आणि ते नाव चिकटलं. चिडवण्यात वाईट काही नव्हतं. पण पाहुणीलाच माणूस मॅडम म्हणतो, हे तिला अधूनमधून टोचायचं. वर्षभर तिने मीठमिरी, पिशव्या, कागद असलीच खरेदी केली होती. मोठं काही आलं की सगळे म्हणायचे, "बघू, बाबांना विचारू."

आता मोठं आलं होतं. गावातल्या सुपरमार्केटने त्यांना आपल्या दारातला कोपरा देऊ केला होता. अट एकच, भट्टी काचेची हवी, येणाऱ्याजाणाऱ्याला कोंबड्या फिरताना दिसल्या पाहिजेत. म्हातारीला तिथे नेणं शक्यच नव्हतं. कुठली भट्टी घ्यायची ते आज भाजून, खाऊन ठरायचं होतं. आणि उद्या सोमवारी सकाळी मॅडमला तिच्या जुन्या साहेबांचा फोन यायचा होता. जागा रिकामी झालीय, परत येतेस का? आज इथे तिच्या शब्दाला किंमत मिळाली नाही तर हो म्हणायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. नवऱ्याला तिने तेवढं सांगितलं होतं.

नवरा, म्हणजे धाकटा, या क्षणी कोंबड्यांना लिंबू आणि मिरी चोळत होता. तो म्हणाला, "तू काळजी करू नकोस. कोंबडी खोटं बोलत नाही."

"कोंबडी बोलतच नाही," ती म्हणाली. "बोलतात ती तुझ्या घरची माणसं."

"ते मात्र खरं," धाकटा म्हणाला आणि पुढची कोंबडी उचलली.

*

थोरला आज खुशीत होता. बायको मुलांना घेऊन माहेरी गेली होती, त्यामुळे घरात एक मत कमी होतं, आणि त्याला बोलायला मैदान मोकळं होतं. बाबा स्टुलावर बसले होते. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, दुकानाच्या गल्ल्यावरची खुर्ची आत ओढून आणून ऐसपैस बसली होती. गल्ला गेली कित्येक वर्षं तिच्याकडेच होता, आणि खुर्चीही.

"बाबा, जग कुठे चाललंय बघा," थोरला म्हणाला. "लोकांना घरी भाजायला वेळ नाही, पण भाजलेलं घरी न्यायला सगळे तयार आहेत. आज सुपरमार्केट मागतंय. उद्या पेट्रोल पंप मागेल, परवा दवाखान्याचं कँटीन. डोळ्यांपुढे फिरतं तेच विकलं जातं. ही लाट आहे. आत्ता चार भट्ट्या एकदम मागवल्या तर भाव असा मिळतोय की इथला कुठलाही कारखानदार तो देऊ शकणार नाही."

"लाट आहे हे मलाही मान्य आहे, भाऊजी," मॅडम म्हणाली. "म्हणून तर म्हणते, मोडली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त होईल अशी घेऊ. या भट्ट्यांमध्ये दोन गोष्टी जातात, मोटरचा गिअर आणि काच. तुमचा गिअर गेला की तो जहाजातून येणार. तोपर्यंत सुपरमार्केटच्या कोपऱ्यात आपण काय फिरवायचं?"

"गिअर जातोच कशाला?"

"म्हातारीचा किती वेळा गेला?"

थोरल्याने बाबांकडे पाहिलं. बाबा छताकडे पाहत होते.

"मी दोन हॉटेलांना परदेशी भट्ट्या घेऊन दिल्या होत्या," मॅडम पुढे म्हणाली. "एक अजून सुरेख चालते. दुसरीचं सर्व्हिसवालं ऑफिसच बंद झालं, आणि ती शेवटी भंगारात गेली. माझा माणूस शेजारच्या गावात आहे. भट्टी तो स्वतः बनवतो. फोन केला की गिअर घेऊन संध्याकाळपर्यंत येतो."

"आणि पैसे जास्त घेतो," थोरला म्हणाला.

"घेतो."

"माल घ्यावा तर ज्याच्या दारात जाऊन भांडता येतं त्याच्याकडून घ्यावा," आत्या म्हणाली. "मी मॅडमच्या बाजूने. जहाजाशी मी काय भांडू?"

थोरला हसला. आत्याची बाजू ही वाऱ्यावरची वरात, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. बाबांनी म्हातारीही पेटवायला सांगितली, तुलनेला घरचं माणूस असावं म्हणून, आणि भरणं सुरू झालं. धाकट्याने म्हातारीत शिगा लावल्या. थोरला आपल्या नमुन्यापुढे वाकला. त्याची काच नवीन असल्याने खोबणीत अडत होती, तिला चुचकारून बसवण्यात त्याचं सगळं लक्ष गेलं. शेजारी मॅडमने शिगा चढवल्या, बटण वळवलं, दार लावलं आणि पदराला हात पुसून बाजूला झाली. तिघींमध्ये कोंबड्या फिरू लागल्या.

"आता घोडामैदान जवळ आहे," थोरला म्हणाला.

*

आत्याला वाट बघण्याचा कंटाळा नव्हता. गल्ल्यावर बसून तिने आयुष्यभर वाटच पाहिली होती, आणि त्यात माणसं बघण्याची सवय लागली होती. तिने चहा मागवला आणि तो पीत पीत सगळ्यांना न्याहाळू लागली.

थोरल्याच्या भट्टीत कोंबड्या लवकरच रंगाला आल्या. चरबी ठिबकायला लागली, काचेमागे पिवळ्या उजेडात कातडी फुगली. आत्याच्या तोंडाला पाणी सुटलं. खोटं कशाला बोला? मॅडमच्या भट्टीत मात्र कोंबड्या नुसत्याच फिरत होत्या, बागेत फिरायला आल्यासारख्या. उष्णतेचा काटा अर्ध्यावर येऊन थबकला होता. मॅडमने प्लग पाहिला, बटण पाहिलं, ते आणखी वर फिरवलं. मग कारखानदाराला फोन केला. तो म्हणाला, काटा चढायलाच हवा, मी स्वतः तपासून पाठवलीय.

"अगं, तापत का नाही ही?" आत्याने विचारलं.

"तापेल."

"थोरल्याची बघ, कशी खरपूस झाली."

"दिसतेय, आत्या."

आत्याने खुर्ची थोडी डावीकडे सरकवली. पक्ष बदलण्याची तिची हीच पद्धत होती.

शेवटी बाबांनी सांगितलं, तेव्हा धाकट्याने तिन्ही भट्ट्यांतल्या कोंबड्या काढून ताटं मेजावर मांडली. म्हातारीची कोंबडी नेहमीसारखीच झाली होती, एका बाजूला जरा जास्त. थोरल्याची उत्तम. कातडी दाताखाली कुरकुरली तेव्हा आत्याने डोळे मिटले. मॅडमची शिजली होती, पण आजारी माणसाला द्यावी तशी, फिकी आणि ओलसर.

"नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा," आत्या म्हणून गेली. म्हटल्याबरोबर तिला वाटलं, हे बोलायला नको होतं. पण शब्द परत गिळायची कला तिला कधी जमली नव्हती.

धाकट्याने फिक्या कोंबडीचा आणखी एक मोठा तुकडा घेतला आणि तो निष्ठेने चावत राहिला. मॅडम उठली आणि पुढच्या दुकानात गेली.

*

जिंकल्यावर माणसाला बरं वाटतं, असा थोरल्याचा समज होता. त्याने आपल्या कोंबडीची तंगडी उचलली, आणि न खाताच परत ताटात ठेवली.

परदेशी कंपनीची पत्रं आली होती ती त्याने मॅडमकडूनच वाचून घेतली होती. हमी कशाची आहे आणि कशाची नाही, मोडतोड झाली तर कोणाच्या माथी, हे सगळं तिने त्याला समजावून दिलं होतं, स्वतःची भट्टी त्याच्या विरोधात उभी करणार असताना. दोन कलमं तर तिने त्याच्या फायद्यासाठी बदलून आणली. आणि ही फोनवर हो म्हणून निघून गेली की ती पत्रं कोण वाचणार होतं? धाकट्याच्या पोटात काही राहत नाही. फोनची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, फक्त ती माहीत असल्याचं मॅडमला माहीत नव्हतं.

"बाबा," तो म्हणाला, "एकदा परत लावून बघू या का तिची?"

"तू सांगतोयस?" बाबांनी विचारलं.

"एवढ्या हुशार बाईने इतकी मुळमुळीत भट्टी निवडली, हे पटत नाही मला. कुठेतरी काहीतरी चुकतंय. मॅडम! ये इकडे. परत लावू."

मॅडम आली. डोळे कोरडे होते, पण चेहरा बंद दुकानासारखा. तिने नव्या कोंबड्या घेतल्या, दार उघडायला हात वर नेला आणि तिथेच थांबली. वरच्या कोपऱ्यात, मुठीच्या मागे, लाकडी चमचा अडकवलेला होता. दार बोटभर उघडंच होतं. सगळी ऊब तिथून बाहेर जात होती.

तिने चमचा ओढून काढला आणि थोरल्यापुढे धरला.

"हे काय आहे, भाऊजी?"

"चमचा."

"तो मला दिसतोय. माझ्या भट्टीच्या दारात कोणी घातला?"

थोरल्याचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. "म्हणजे? मी घातला म्हणतेस?"

"तुमच्या भट्टीचं दार सरकतं. त्यात चमचा बसतच नाही. माझ्यातच बसतो."

"दादाने नाही घातला," धाकटा म्हणाला.

"तू पाहिलंस?"

"नाही. पण दादा नाही घालणार."

"मग कोणी घातला?"

थोरल्याने खांद्यावरचं फडकं मेजावर टाकलं. आपण मोठमोठ्याने भाव सांगितले, फुशारक्या मारल्या, पण हे? हिने आपल्याला वर्षभरात एवढंच ओळखलं? त्याला राग आला नाही, वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा त्याला राग आला.

तेवढ्यात आत्या हसायला लागली. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून, मग खुर्चीचा हात धरून.

"अगं बाई," ती म्हणाली, "तूच घातलास!"

"मी?"

"तूच. मी समोर बसले होते ना. दार लावलंस, मागे हात केलास, खिळ्यावरचा चमचा काढलास आणि खोचलास. बघितलंसुद्धा नाहीस हाताकडे. आणि पदराला हात पुसलेस. मघाशी कोंबड्या काढल्यावर तुझ्या नवऱ्यानेही तोच चमचा तसाच परत खोचला."

"मग आत्या, तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलायचं काय त्यात?" आत्या खरोखरच चकित झाली होती. "दार लावलं की चमचा लावतात. मला वाटलं, बरोबर लावलास."

मॅडम हातातल्या चमच्याकडे पाहत राहिली. हॉटेलांमध्ये हजार कामं तिने यादी करून, दोनदा तपासून केली होती. तिथल्या कुठल्याही भट्टीला तिने असला अडाणी उद्योग केला नसता. मग तिला तो क्षण आठवला, पुसटसा. पाठीमागे गेलेला हात, खिळा, लाकूड. रोज सकाळी म्हातारीपुढे करते तसंच.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," धाकटा म्हणाला. "आणि त्या बिचाऱ्या कारखानदाराला फोन करून झापलंस."

"भाऊजी," मॅडम म्हणाली, "माझं चुकलं. मी तुमच्यावर..."

"चुकलंच," थोरला म्हणाला. त्याचा चेहरा अजून लाल होता, पण ओठ हलायला लागले होते. "शिक्षा म्हणून माझ्या कंपनीची पुढची सगळी पत्रंही तूच वाचायची."

*

बाबांनी ते सगळं स्टुलावरून पाहिलं. खरं तर चमचा घातलेला त्यांनीही पाहिला होता. त्यांना तेव्हा एवढंच वाटलं होतं की आईचा हात असाच मागे जायचा, न बघता. चूक वगैरे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. चमचा लावलेलं दार त्यांच्या डोळ्यांना बंदच दिसायचं.

दुसऱ्यांदा मॅडमच्या भट्टीचं दार पुरतं बंद झालं. काटा सरसर चढला. काचेमागे कोंबड्या आधी पिवळ्या, मग तांबूस, मग मधाच्या रंगाच्या झाल्या. एक बाजू जास्त, एक कमी, असं काही नाही. बाबा उठून जवळ गेले आणि बराच वेळ बघत उभे राहिले.

म्हातारीपेक्षा ही चांगली भाजते, हे मनात म्हणताना त्यांना थोडं लागलं. वडिलांनी पत्रा ठोकला तेव्हा बाबा पत्र्याचं दुसरं टोक धरून उभे होते. पण वडील असते तर त्यांनीच या नव्या भट्टीचं मागचं झाकण काढून गिअर बघितला असता, आणि बनवणाऱ्याला चहाला बोलावलं असतं. बाबांना ते चित्र दिसलं आणि बरं वाटलं.

त्यांनी चव घेतली. थोरल्याने घेतली. आत्याने घेतली, आणि खुर्ची पुन्हा उजवीकडे सरकवली.

"दादा, तुझी आणि हिची सारखीच झालीय," धाकटा म्हणाला.

"सारखीच," थोरल्याने मान्य केलं. "कातडी माझी एक घास पुढे."

"असेल," मॅडम म्हणाली. "पण गिअर..."

"गिअर, गिअर! झोपेतही गिअर म्हणत असशील."

"म्हणते," धाकटा म्हणाला.

सगळे हसले. मग बाबांनी घसा साफ केला.

"सुपरमार्केटला सूनबाईची जाईल," ते म्हणाले. "तिथे एक दिवस बंद राहिलो तर कोपरा जाईल. थोरल्याचा नमुना पुढच्या दुकानात, काचेजवळ ठेवायचा. वर्षभर चालवू. टिकला तर त्याच्या लाटेचं बघू. आणि पुढे जी काही भट्टी घ्यायची ती या दोघांनी मिळून घ्यायची. मला विचारायला यायचं नाही."

"तुम्हाला विचारायचं नाही?" थोरला म्हणाला. या घरात असं वाक्य कोणी ऐकलं नव्हतं.

"खायला बोलवा." बाबा मॅडमकडे वळले. "आणि उद्या तुला कुठलासा फोन यायचाय म्हणे."

मॅडमने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याला कोंबडीत काहीतरी फार महत्त्वाचं सापडलं होतं.

"जा म्हणणार नाही आणि राहा म्हणूनही अडवणार नाही," बाबा म्हणाले. "तुझं शिक्षण मोठं आहे. पण तू इथे असलीस तर मला आवडेल. हे आधीच सांगायला हवं होतं. आमच्यात सांगायची पद्धत नाही."

"पद्धती कसल्या सांगतोस," आत्या म्हणाली. "हिचा हात कधीच आपल्या घरचा झाला. तिला स्वतःलाच कळलं नाही, आणि आपल्याला दिसलं तरी आपण बोललो नाही."

मॅडम ताटं गोळा करायला लागली, आणि थोरला कोणी न सांगता उठून तिच्या हातातली निम्मी ताटं घेऊन गेला.

*

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी फोन वाजला. मॅडम म्हातारीपुढे उभी होती. धाकट्याने शिगा भरून दिल्या होत्या आणि आता तो उगीचच जवळपास काहीतरी पुसत होता. पुढे थोरला आपली भट्टी काचेजवळ सरकवत होता, आणि आत्या खुर्चीतून त्याला डावीकडे, उजवीकडे सांगत होती.

"बोला सर," मॅडम म्हणाली. तिने फोन खांदा आणि कानाच्या मधे धरला. "हो, विचार केला. मोकळेपणाने सांगते. जागा चांगली आहे, तुम्ही आठवण ठेवलीत याचं खूप बरं वाटलं. पण मला इथलं सोडून यायला जमणार नाही."

साहेबांनी काहीतरी विचारलं.

"नाही नाही, पैशांचा प्रश्नच नाही," ती म्हणाली. "काम आहे. आता कुठे सुरू झालंय."

बोलता बोलता तिने म्हातारीचं दार लावलं. तिचा हात मागे गेला, भिंतीवरचा चमचा त्याला बरोबर सापडला. या वेळी तिने हाताकडे पाहिलं, आणि हसून चमचा दाराच्या कोपऱ्यात खोचला. इथे तो लागतोच.